क्रोन्स पुन्हा उसळला, हे कसं ओळखायचं?

क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या आजाराचे जुने रुग्ण दोन चुका वारंवार करतात, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एक म्हणजे दोन दिवस जुलाब झाले की आजार परत आला असं धरून घरात उरलेली प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची पट्टी सुरू करायची. दुसरी म्हणजे जुलाब नाहीत, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून वर्ष-वर्ष तपासणीच करायची नाही. पहिल्या चुकीत बाहेरच्या खाण्यातून झालेल्या साध्या संसर्गावर स्टिरॉइडचा मारा होतो. दुसरीत आतडं आतल्या आत आकसत जातं आणि एके दिवशी पोट फुगून, उलट्या होत माणूस तातडीच्या विभागात पोचतो. दोन्हींमागे एकच गैरसमज आहे, तो म्हणजे क्रोन्स म्हणजे जुलाबाचा आजार. जुलाब हे त्याचं एक लक्षण आहे, आणि तेही दर वेळी असतंच असं नाही.

आत नेमकं काय चालतं

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तिघांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला होणाऱ्या एका वेगळ्या दाहाचं वर्णन प्रसिद्ध केलं. नावं वर्णानुक्रमाने छापलेली होती, म्हणून आजाराला पहिल्याचं नाव चिकटलं. पुढे लक्षात आलं की हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. तरी त्याची आवडती जागा तीच, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तो सांधा. म्हणून अनेकांचं दुखणं बेंबीच्या उजवीकडे खाली, अपेंडिक्सच्या जागी असतं.

आतड्याची भिंत म्हणजे एकावर एक पदर शिवलेली गोधडी आहे असं समजा. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा क्रोन्सचा चुलतभाऊ फक्त मोठ्या आतड्यात राहतो आणि बहुतेक वेळा आतल्या अस्तरापुरताच थांबतो. क्रोन्स मात्र सगळ्या पदरांतून आरपार जातो. शिवाय तो सलग पसरत नाही. वीतभर खराब, मग चांगला भाग, मग पुन्हा चार बोटं खराब, असा तो तुकड्या-तुकड्यांनी पसरतो. आरपार जाण्याचे परिणाम तीन. सूज आली की जुलाब, दुखणं, रक्त कमी होणं. सूज वारंवार येऊन बरी होत राहिली की तिथे व्रण धरतो आणि आतड्याची वाट अरुंद होते. आणि जखम भिंत पोखरून बाहेर पडली की आतड्यातून त्वचेकडे, मूत्राशयाकडे किंवा दुसऱ्या आतड्याकडे भलतीच वाट तयार होते. तोच फिस्टुला. गुदद्वाराजवळ झाला तर त्याला आपण भगंदर म्हणतो. एकाच माणसात ही तिन्ही रूपं वेगवेगळ्या वर्षी दिसू शकतात. दहा वर्षांपूर्वी उसळी जुलाबांनी आली होती, म्हणून या वेळीही तशीच येईल असं नाही.

प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यातल्या जिवाणूंवर गरजेपेक्षा जास्त चवताळते, एवढं आता स्पष्ट आहे. अनुवंशाचा थोडा हात असतो. तिखट खाल्लं म्हणून हा आजार झाला, किंवा 'टेन्शन' घेतलं म्हणून झाला, असं घरच्यांनी रुग्णाला ऐकवू नये. तो संसर्गानेही पसरत नाही, तेव्हा ताटवाटी वेगळी ठेवायचं काही कारण नाही.

आपल्याकडची खास अडचण: टीबी

आतड्याचा क्षयरोग नेमका त्याच सांध्यावर बसतो, तशीच जखम करतो, वजन तसंच उतरवतो आणि बायोप्सीतही, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीतही, पुष्कळदा तशाच गाठी दाखवतो. म्हणून भारतात अनेक क्रोन्स रुग्णांची सुरुवात टीबीच्या चार औषधांनी होते. शंका खरी असेल तेव्हा त्यात चूक काही नाही. टीबीच्या रुग्णाला चुकून स्टिरॉइड देणं जास्त धोक्याचं आहे. चूक पुढे होते. ही औषधं सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आतड्याची तपासणी, करून जखमा भरल्या का हे पाहायचं असतं. नुसतं 'बरं वाटतंय' यावर जायचं नाही, कारण क्रोन्समध्येही काही काळ आपोआप बरं वाटतं. ती दुसरी कोलोनोस्कोपी टळली की क्रोन्सचा रुग्ण नऊ-नऊ महिने टीबीची औषधं खात राहतो, आणि तेवढ्यात आतड्याची वाट आणखी अरुंद होते.

टीबी आयुष्यभर या आजाराच्या सोबतीला राहतो तो दुसऱ्या कारणाने. इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅब ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी इंजेक्शनं शरीरात झोपलेल्या टीबीला जागं करू शकतात. म्हणून ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीची मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी आणि हिपॅटायटिस बी-ची तपासणी करायचीच असते. सुप्त टीबी सापडला तर प्रतिबंधक औषधं देऊन साधारण महिनाभर थांबावं लागतं. इंजेक्शनं चालू असताना संध्याकाळचा ताप, रात्री घाम, न जाणारा खोकला, मानेत गाठ असं काही आलं तर ती उसळी समजू नये. आधी टीबी शोधावा.

स्वतःची पातळी माहीत हवी

डॉक्टर ज्याला फ्लेअर म्हणतात ती उसळी ओळखायची, तर आधी आपला शांत काळ कसा असतो हे ठाऊक हवं. आतड्याचा तुकडा काढलेल्या माणसाला रोज तीनदा शौचाला जाणं हीच नेहमीची गोष्ट असू शकते. दुसऱ्या कुणाला तीनदा जावं लागलं तर तो इशारा असतो. म्हणून बरं असतानाच्या एका महिन्याची नोंद हातात असावी. एक साधी वही पुरे. रोज चार गोष्टी लिहायच्या: पातळ शौच किती वेळा, त्यातलं रात्री झोपेतून उठून किती वेळा, पोटदुखी किती, आणि एकूण कसं वाटतंय. वजन आठवड्यातून एकदा करावं, सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर.

डॉक्टर वापरतात त्या हार्वे-ब्रॅडशॉ निर्देशांकाचा पाया हाच आहे. त्यात एकूण वाटण्याला ० ते ४ गुण असतात (० म्हणजे छान, ४ म्हणजे असह्य) आणि दुखण्याला ० ते ३. दिवसातल्या प्रत्येक पातळ शौचाला एक गुण मिळतो, घट्ट शौच मोजायचं नाही. सांधेदुखी, डोळ्याचा दाह, नडगीवरच्या गाठी, तोंड येणं, गुदद्वाराजवळची चीर, नवा फिस्टुला किंवा गळू यांचा प्रत्येकी एक गुण धरायचा. पोटात गाठ लागते का याचे ० ते ३ गुण डॉक्टर देतात. बेरीज ५ पेक्षा कमी असेल तर आजार शांत, ५ ते ७ सौम्य, ८ ते १६ मध्यम, त्याहून वर तीव्र.

वहीचं एखादं पान असं दिसतं. पहिला आठवडा: पातळ १, रात्री ०, दुखणं ०, वजन ५४. तिसरा आठवडा: पातळ २, रात्री ०, दुखणं १, तोंड आलंय, दुपारी झोप येते, वजन ५३. पाचवा आठवडा: पातळ ४, रात्री १, दुखणं १, डावा गुडघा सुजलाय, वजन ५१.५. यातला कुठलाही एक दिवस डॉक्टरकडे धाव घ्यावी असा नाही. पण तीन ओळी एकाखाली एक वाचल्या की चित्र दिसतं. उसळी बहुधा अशीच येते, पावलापावलाने, आणि माणूस तिला सरावत जातो. वही नसेल तर पाचव्या आठवड्यातही उत्तर एकच मिळतं, 'तसं बरं आहे'.

सगळ्यात बोलकं लक्षण कोणतं म्हणाल, तर झोपेतून उठून शौचाला पळावं लागणं. चिडकं आतडं, म्हणजे आयबीएस, दिवसा छळतं पण रात्री सहसा झोपू देतं. सुजलेलं आतडं झोपू देत नाही. त्याच्या जोडीला वजन उतरणं, बारीक ताप, शौचातून रक्त, किंवा न खाताही भूक नसणं असेल तर वाट पाहू नये.

पोटाबाहेरच्या खुणाही शिकून घ्याव्यात. गुडघा, घोटा, मनगट अशा मोठ्या सांध्यांची सूज पुष्कळदा आतड्याच्या बरोबरीने येते-जाते. नडगीवर लालसर, दुखऱ्या, आवळ्याएवढ्या गाठी उठतात. डोळा लाल झाला, आत दुखतो आणि उजेड सहन होत नाही, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावं आणि क्रोन्स आहे हे सांगावं. त्याला साधे डोळे आले असं समजून दुकानातून थेंब आणून घालत बसलं तर नजर जाऊ शकते. उसळीच्या काळात रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही वाढतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर ती आणीबाणी आहे.

मुलांत खूण वेगळी असते. जुलाब नसतील, पोट क्वचित दुखेल, पण शाळेचे गणवेश दोन वर्षं तेच बसतील. उंची थांबणं आणि वयात येणं लांबणं ही मुलांमधली उसळीच समजावी. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीची रेघ मारणं ही मोफतची आणि उत्तम तपासणी आहे.

शौचाची तपासणी: कॅलप्रोटेक्टिन

लक्षणं आणि आतड्याची खरी स्थिती पुष्कळदा जुळत नाहीत, म्हणून पुरावा लागतो. कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे. आतड्याला सूज असली की त्या पेशी आत झिरपतात आणि प्रथिन शौचात उतरतं. साधारणपणे एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर निर्धास्त, २५० च्या वर असेल तर सूज असण्याची दाट शक्यता, आणि मधलं असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा पाहावं.

नमुना नीट दिला नाही तर आकडा फसवतो. शक्यतो सकाळचं पहिलं शौच घ्यावं. भांड्यात कागद अंथरून किंवा वेगळ्या पात्रात घ्यावं, म्हणजे लघवी आणि पाणी मिसळत नाही. डबीत सुपारीएवढा नमुना पुरतो. तो त्याच दिवशी लॅबमध्ये द्यावा. आधीच्या दोन आठवड्यांत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या असतील तर आकडा फुगतो. पोटाचा संसर्ग असेल तरीही फुगतो. वेगवेगळ्या लॅबचे किट वेगळे असतात, तेव्हा दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासावं. नाहीतर ११० वरून १८० झालं ते आजारामुळे की किटमुळे, हे कळत नाही. आणखी एक मर्यादा अशी की आजार फक्त लहान आतड्यात असेल तर सूज असूनही हा आकडा बेताचाच राहू शकतो.

रक्तातलं सीआरपी, म्हणजे सुजेत वाढणारं प्रथिन, सोबत पाहावं. काही जणांचं सीआरपी उसळीतही वाढत नाही. मागच्या उसळीत तुमचं वाढलं होतं का, हे जुन्या रिपोर्टवरून कळतं. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन आणि प्लेटलेट हेही सांगत असतात. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन वाचताना मात्र सावध राहायला हवं. सुजेमुळे ते खोटं वाढतं, म्हणून आजार जागा असताना ते १०० पर्यंत असलं तरी लोह कमी असू शकतं. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलेलं असतं, आणि रुग्ण जिना चढताना धापा टाकत असतो. अशा वेळी लोहाच्या गोळ्या पोटाला मानवत नाहीत. शिरेतून दिलेलं लोह जास्त कामाचं.

शांत काळातही या तपासण्या तीन ते सहा महिन्यांनी व्हाव्यात. नवं औषध सुरू केल्यावर सहा ते नऊ महिन्यांनी कोलोनोस्कोपी करून अस्तर खरोखर भरलं का हे पाहावं. मोठ्या आतड्याचा बराच भाग बाधित असेल तर आजाराच्या आठव्या वर्षापासून कर्करोगासाठीची कोलोनोस्कोपीही ठरावीक अंतराने लागते.

उसळीसारखं दिसणारं, पण उसळी नसलेलं

अचानक, एका दिवसात सुरू झालेले पाण्यासारखे जुलाब, सोबत उलट्या, आणि घरातल्या आणखी दोघांना तोच त्रास, हा संसर्ग आहे. पावसाळ्यात आधी हाच धरावा. नुकतीच अँटिबायोटिक घेतली असतील तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूसाठी शौचाची तपासणी करून घ्यावी. तो खऱ्या उसळीच्या आत लपूनही येतो.

दूध, चहा, खीर, बासुंदी खाल्ल्यावर तासा-दोन तासांत पोट गुडगुडून जुलाब होतात, पण वजन आणि रक्त ठीक असतं. मग दोन आठवडे दूध बंद करून पाहा. आपल्याकडे मोठ्यांमध्ये दुधातली साखर न पचणं अगदी सर्रास आहे. दही आणि ताक बहुतेकांना चालतं.

लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल तर पित्ताम्ल तिथे परत शोषलं जात नाही. ते मोठ्या आतड्यात उतरून पाणी ओढतं. हे जुलाब पिवळट-हिरवे असतात, जेवणानंतर लगेच लागतात, गुदद्वाराशी आग होते. याला स्टिरॉइडचा काही उपयोग नाही. कोलेस्टिरामिनची पूड लागते, आणि ती इतर औषधंही धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्याव्यात. अशा रुग्णांमध्ये बी-१२ सुद्धा कमी पडतं. २० सेंटीमीटरपेक्षा जास्त भाग गेला असेल तर बहुधा दर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन कायमचं घ्यावं लागतं.

जुलाबाशिवाय येणारी उसळी

वाट अरुंद झालेल्या माणसाची गोष्ट वेगळीच असते. जेवण होतं, अर्धा-पाऊण तास बरा जातो, मग बेंबीभोवती पीळ पडायला लागतो. पोटावर हात ठेवला तर आतडं हाताखाली ताठ होऊन सरकताना जाणवतं. मग 'गुर्र' असा मोठा आवाज येतो, काहीतरी पुढे सरकतं आणि पीळ सुटतो. पुन्हा दहा मिनिटांनी तेच. माणूस हळूहळू दोन घास कमी खायला लागतो, वजन उतरतं, आणि घरचे म्हणतात, 'हल्ली जुलाब नाहीत, बरं आहे.' हे बरं नाही. डॉक्टरांना नेमकं हेच वर्णन सांगावं आणि सीटी किंवा एमआर एन्टरोग्राफीबद्दल, म्हणजे लहान आतड्याच्या स्कॅनबद्दल, विचारावं. अरुंदपणा सुजेचा असेल तर औषधाने सुटतो. जुन्या व्रणाचा असेल तर औषध कितीही वाढवून उपयोग नाही. आखूड जागा असेल तर दुर्बिणीतून फुग्याने रुंद करतात, नाहीतर शस्त्रक्रिया करावी लागते. योग्य वेळी केलेली शस्त्रक्रिया म्हणजे हार नव्हे. फक्त तिच्यानंतर सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी हवीच, कारण आजार नेमका टाक्यांच्या सांध्यावर परत येतो.

पीळ सुटतच नाही, पोट फुगलंय, हिरवी उलटी होतेय आणि गॅसही सरत नाही, अशी वेळ आली तर पाणीसुद्धा न पिता रुग्णालय गाठावं.

दुसरा प्रकार गुदद्वाराजवळचा. बसताना ठणका लागतो, एका बाजूला सूज, मग पू येतो, थंडी वाजून ताप. लाजेपायी हे महिनोन्‌महिने लपवलं जातं किंवा मूळव्याध म्हणून कुठेतरी कापलं जातं. क्रोन्समधला फिस्टुला साध्या भगंदरासारखा कापून मोकळा केला तर शौच रोखणारा स्नायू कायमचा दुखावू शकतो. आधी एमआरआय करावा. पू असेल तर तो काढून वाटेत सैल दोरा ठेवतात, आणि मग इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं देतात. कुठल्याही शल्यचिकित्सकाला पहिलं वाक्य हे सांगा: 'मला क्रोन्स आहे.'

उसळी आली तर

वहीत बदल दिसला की आठवडाभरात डॉक्टरांना कळवावं. भेटीची वाट न पाहता सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी, कॅलप्रोटेक्टिन आणि शौचाची साधी तपासणी करून ठेवावी. दुखण्याला पॅरासिटामॉल चालेल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड आणि त्यांची मिश्रणं टाळावीत. पाठदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळीमागे हीच नावं असतात, पट्टीची मागची बाजू वाचावी. जुलाब जास्त असतील तर ओआरएसचं पाकीट सांगितल्याप्रमाणे एक लिटर पाण्यात, सगळं एकाच वेळी. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

स्वतःहून स्टिरॉइड का सुरू करायचं नाही? कारण पोटात पुवाची गाठ असेल तर स्टिरॉइड ताप आणि दुखणं दाबतं, पू वाढत राहतो. डॉक्टर देतात तेव्हा प्रेडनिसोलोन बहुधा रोज ४० मिलीग्रॅमने सुरू होतं आणि दर आठवड्याला ५ मिलीग्रॅमने उतरवत आठ आठवड्यांत संपतं. आजार लहान आतड्याच्या टोकापुरता सौम्य असेल तर ब्युडेसोनाइड हे दुसरं स्टिरॉइड ९ मिलीग्रॅम देतात. ते बरंचसं आतड्यातच काम करतं, म्हणून चेहरा सुजणं, साखर वाढणं असे त्रास कमी. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवं. मध्येच बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड एकदम बंद करू नये. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं आणि अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब पडणं यांनी माणूस कोसळू शकतो. वर्षात दुसऱ्यांदा स्टिरॉइड लागलं, किंवा कमी करताच त्रास परत आला, तर त्याचा अर्थ कायमचं औषध अपुरं पडतंय. तेव्हा तिसरा कोर्स घेण्याऐवजी ते औषध बदलण्याविषयी बोलावं. मेसालामिन हे सुजेवरचं औषध अनेकांना वर्षानुवर्षं दिलं जातं, पण क्रोन्समध्ये त्याचा फायदा फारच थोडा आहे.

रोजची औषधं कुठे फसतात

अ‍ॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती शांत ठेवणाऱ्या गोळीचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. महिन्याभरात 'काही फरक नाही' म्हणून ते सोडणारे पुष्कळ असतात. सुरू करताना शक्य असेल तर एनयूडीटी-१५ ही जनुकाची तपासणी करावी. आपल्याकडच्या काही जणांत तो दोष असतो आणि नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी धोकादायक पडतात. सीबीसी पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरवड्याने, मग कायम दर तीन महिन्यांनी. दोन-तीन आठवड्यांतच केस पुंजक्यांनी गळायला लागले तर तो या दोषाचा इशारा आहे. गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करावी. आणि युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणून कुणी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहून दिलं तर आधी पोटाच्या डॉक्टरांना विचारावं. ही दोन औषधं अ‍ॅझाथायोप्रिनचं विघटन रोखतात आणि रक्तपेशी जीवघेण्या पडू शकतात. मेथोट्रेक्सेट हे त्याच कामाचं दुसरं औषध घेत असाल तर ते आठवड्यातून एकदाच. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा, कारण चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.

इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून ०, २ आणि ६ व्या आठवड्याला, नंतर दर आठ आठवड्यांनी देतात. अ‍ॅडालिमुमॅब त्वचेखाली, साधारणपणे पंधरा दिवसांनी घेतात. भारतीय कंपन्यांची औषधं आल्यापासून ही इंजेक्शनं पूर्वीपेक्षा आवाक्यात आली, तरी स्वस्त नाहीत. त्यातून मोठी चूक होते ती अशी: बरं वाटलं, पैसे संपले, दोन डोस गाळले, त्रास झाल्यावर पुन्हा सुरू केलं. अशा खंडाने शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंड बनवतं. मग औषध लागू पडत नाही, किंवा सलाइन चालू असतानाच थंडी, पुरळ, धाप अशी प्रतिक्रिया येते. खर्च झेपणार नसेल तर ते सुरू करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, पण गोठू द्यायचं नाही. प्रवासात ते बर्फाच्या पाकिटाला चिकटून ठेवलं तर गोठतं. मध्ये टॉवेलची घडी ठेवा. विदर्भात मे महिन्यात पेन गाडीच्या डिकीत राहिलं तर ते टाकून द्यावं लागेल.

सिगारेट आणि विडी क्रोन्सची उसळी वाढवतात, शस्त्रक्रियाही वाढवतात. 'धूम्रपानाने आतड्याला बरं वाटतं' हे ऐकीव वाक्य कोलायटिसवरून आलेलं आहे, क्रोन्सला ते लागू नाही.

ताटात काय

उसळीत मऊ भात, मुगाचं घोटलेलं वरण, साल-बिया काढलेला दुधी किंवा लाल भोपळा, पिकलेलं केळं, गाळलेलं नाचणीसत्त्व, उकडलेलं अंडं, वाफवलेला पापलेट, ताक. थोडं-थोडं, पाच-सहा वेळा. नुसत्या पेजेवर राहू नये. उसळीत प्रथिनं जास्त लागतात, किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यातही सहाच ग्रॅम असतात, म्हणजे नुसत्या वरणभातावर हा हिशोब जुळत नाही हे उघड आहे. अंडी, मासे, पनीर, घट्ट दही मुद्दाम घालावं लागतं.

वाट अरुंद असेल तर मक्याचे दाणे, मश्रूम, खोबऱ्याचे तुकडे, मोसंबी-संत्र्याच्या फोडींची साल, शेवग्याच्या शेंगा, गवार, सुकं अंजीर, अख्खे शेंगदाणे हे कायमचे वर्ज्य. अरुंद जागी हेच अडकतं. उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी दह्याबरोबर मऊ भगर बरी.

पण वाट मोकळी असेल आणि आजार शांत असेल तर पालेभाज्या, कडधान्यं, फळं परत ताटात यायला हवीत. उसळीतलं पथ्य पाच-पाच वर्षं चालू ठेवणारे रुग्ण आजाराने नव्हे, पथ्याने खंगतात. एकेक पदार्थ तीन दिवसांच्या अंतराने परत आणावा आणि वहीत लिहावा.

गरोदरपण आणि बाळाची बीसीजी

आजार किमान तीन महिने शांत असताना गर्भधारणा झाली तर बहुतेकींचं गरोदरपण नीट पार पडतं. मेथोट्रेक्सेट मात्र किमान तीन महिने आधीच बंद हवं. अ‍ॅझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅब घाबरून स्वतःहून बंद करू नयेत. बाळाला धोका औषधापेक्षा जाग्या आजाराचा जास्त असतो. एक गोष्ट आपल्याकडे हमखास राहून जाते. आईने गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडालिमुमॅब घेतलं असेल तर ते बाळाच्या रक्तात काही महिने राहतं, आणि बीसीजी ही जिवंत जंतूंची लस आहे. आपल्याकडे ती जन्मतःच टोचतात. अशा बाळाची बीसीजी किमान सहा महिने, आणि आईने इन्फ्लिक्सिमॅब घेतलं असेल तर वर्षभर, पुढे ढकलायची असते. प्रसूतीच्या कागदावर हे लाल शाईने लिहून घ्यावं, आणि प्रसूतिगृहातल्या परिचारिकेलाही तोंडी सांगावं, कारण ती लस बहुधा आई खोलीत परत येण्याआधीच दिलेली असते.

घरात एक फाइल ठेवा. तिच्यात सगळ्यात वर एकच कागद असावा: आजार आतड्याच्या कुठल्या भागात आहे, शस्त्रक्रिया कधी झाली आणि किती सेंटीमीटर आतडं काढलं, कुठली औषधं कधी सुरू-बंद केली आणि का, शेवटची कोलोनोस्कोपी, शेवटचं कॅलप्रोटेक्टिन, टीबीची तपासणी, घेतलेल्या लसी. मूळ बायोप्सीचा रिपोर्ट आणि जमल्यास काचपट्टीही जपून ठेवा. रात्री दोन वाजता अनोळखी रुग्णालयात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरला सगळ्यात आधी हाच कागद लागतो, आणि तो घरातल्या आणखी एका माणसाला कुठे आहे ते माहीत असायला हवं.